नागपूर ते नार्निया: गोष्टीतल्या देवाचा माग

कपाटात टांगलेले जाडजूड कोट बाजूला सारत एक मुलगी आत शिरते आणि थेट बर्फाळ जंगलात पोहोचते. सी. एस. लुईस यांच्या नार्नियाची पहिली गोष्ट १९५० साली आली ती अशी. त्या जंगलाचा खरा राजा म्हणजे अस्लान नावाचा सिंह. एडमंड हा मुलगा फितूर होतो, त्याच्या जिवाच्या बदल्यात अस्लान दगडी मेजावर मरण पत्करतो आणि पहाटे पुन्हा जिवंत होतो. त्याला जिवंत पाहणाऱ्या पहिल्या दोघी मुलीच असतात. शुभवर्तमानातही येशूच्या रिकाम्या कबरीपाशी पहाटे आधी पोहोचतात त्या स्त्रियाच!

ख्रिस्ती लेखकांच्या अद्भुतकथांत देव कुठे आणि कोणत्या वेषात वावरतो, हे शोधणं हा वाचनातला फार मोठा आनंद आहे. या शोधाचे दोन पक्के धागे आपल्या नागपुरातून जातात, आणि त्यातला एक फिरत फिरत थेट टॉल्किनपर्यंत पोहोचतो. तिथे जाऊच. आधी सिंहाची गोष्ट पुरी करू.

सिंह आला कुठून?

येशूला पवित्र शास्त्रात ‘यहूदा वंशाचा सिंह’ म्हटलं आहे, हे एक उत्तर. पण अस्लान हे नाव तुर्की आहे, आणि ते लुईस यांना मिळालं ‘अरबी सुरस कथां’च्या एडवर्ड लेनकृत भाषांतराच्या टिपांमध्ये. म्हणजे विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या ख्रिस्ती देवरूपाचं बारसं झालं ते त्या कथा सांगणाऱ्या शहरजादच्या घरी!

त्याहून गंमत अशी की लुईस यांनी ख्रिस्ताची गोष्ट सांगायची म्हणून लेखणी उचललीच नव्हती. सोळाव्या वर्षापासून त्यांच्या डोळ्यांसमोर एक चित्र होतं: बकऱ्याच्या पायांचा एक वनदेव छत्री आणि पुडकी सांभाळत बर्फातून चालला आहे. पुढे चाळिशीत त्यांनी त्या चित्राची गोष्ट करायला घेतली. त्या दिवसांत त्यांना सिंहांची स्वप्नं पडत होती. सिंह गोष्टीत शिरला आणि त्याने सगळी गोष्ट आपल्याभोवती ओढून घेतली. अस्लान हे रूपक आहे, असं म्हटलेलं लुईस यांना पटत नसे. बोलत्या प्राण्यांचं एखादं जग खरंच असतं आणि देवाला तिथे अवतार घ्यायचा असता, तर तो कसा आला असता, अशी त्यांची कल्पना होती. दशावतार ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजायला एक क्षणही लागत नाही. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह: जसं संकट, तसं रूप.

१९५२ च्या समुद्रसफरीच्या भागात तर हे रूप वाचकाच्या डोळ्यांदेखत बदलतं. प्रवासाच्या शेवटी मुलांना हिरवळीवर एक पांढरंशुभ्र कोकरू भेटतं. त्याने विस्तवावर मासे भाजून ठेवलेले असतात. मुलं न्याहारी करतात आणि बोलता बोलता कोकराचा सिंह होतो. आता योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय काढा. पुनरुत्थानानंतर येशू तळ्याकाठी शिष्यांची वाट पाहतो आहे, निखाऱ्यांवर मासे आहेत आणि तो म्हणतो, या, न्याहारी करा. मला हा नार्नियातला सर्वांत सुंदर धागा वाटतो. दगडी मेजावरचं बलिदान कुणाच्याही लक्षात येतं, पण हा भाजलेला मासा फक्त मायेने वाचणाऱ्याला सापडतो.

आणखी एक खजिना. नार्नियाचे भाग सात. ते सातच का, यावर मायकेल वॉर्ड या अभ्यासकाने २००८ साली अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते मध्ययुगातल्या सात ग्रहांपैकी एकेकाचा रंग एकेका भागाला आहे. पहिल्या गोष्टीत गुरू, राजपुत्र कॅस्पियनच्या लढायांत मंगळ, समुद्रसफरीत सूर्य, रुपेरी खुर्चीच्या गोष्टीत चंद्र आणि जगबुडीच्या शेवटच्या भागात शनी. आपल्या सात वारांचे स्वामी ते हेच. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही, मला मात्र शनीचा भाग वाचताना वॉर्ड यांचं म्हणणं पटतं. त्या पुस्तकातला थंडपणा दुसऱ्या कुठल्याही ग्रहाचा असू शकत नाही.

दोन रेल्वे, दोन पुस्तकं

१९१६ साली इंग्लंडमधल्या लेदरहेड स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानात कोवळ्या वयातल्या नास्तिक लुईसने जॉर्ज मॅकडोनल्ड यांची १८५८ सालची ‘फँटॅस्टीज’ ही अद्भुतकथा विकत घेतली. त्या पुस्तकाने आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा केला, असं पुढे ते सांगत.

त्याच्या तेवीस वर्षं आधी, १८९३ साली, नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या गाडीत एका मराठी कवीच्या हाती असंच एक पुस्तक आलं. कवी होते नारायण वामन टिळक. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत धर्मग्रंथांवर काम केलं होतं, ‘ऋषि’ हे मासिक चालवलं होतं. डब्यातल्या एका युरोपीय सहप्रवाशाशी काव्यावर गप्पा रंगल्या. उतरताना त्याने टिळकांना बायबल दिलं आणि भाकीत केलं, की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथे खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत दोन वर्षांच्या आत खरं ठरलं!

लुईस यांना पुस्तक मिळाल्यापासून श्रद्धेपर्यंत पोहोचायला पंधरा वर्षं लागली, आणि शेवटचा टप्पा त्यांनी भावाच्या मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसून पार केला. सप्टेंबर १९३१ मध्ये दोघे व्हिप्सनेडच्या प्राणिसंग्रहालयाला निघाले होते. निघताना येशू देवाचा पुत्र आहे यावर विश्वास नव्हता, पोहोचेपर्यंत होता. अस्लानच्या निर्मात्याने प्राणिसंग्रहालयाच्या वाटेवर देव शोधला, याहून शोभणारी वाट कोणती असणार?

वैकुंठातला येशू

आता चार शतकं मागे. टॉमस स्टीफन्स हा विल्टशरचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्याला पोहोचला. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं हिरावली गेली होती. चर्चमधल्या शिकवणुकीच्या वेळी एक जण उठून विचारतो, आम्हाला आमच्या भाषेत, पुराणासारखं काही का नाही? ‘ख्रिस्तपुराणा’चा आरंभ या प्रसंगातून होतो. १६१६ साली राचोलला छापलेल्या या ग्रंथात ओव्या आहेत १०,९६२. स्वर्गाला फादर स्टीफन्स बिनदिक्कत वैकुंठ म्हणतात, देवाला परमेश्वर म्हणतात आणि सैतानापासून पुनरुत्थानापर्यंतची सगळी कथा पुराणिकाच्या थाटात उलगडतात.

देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून ही मराठी छापली गेली रोमन लिपीत. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही! लोकांनी हाताने उतरवलेल्या प्रतींवर ग्रंथ जगला. त्यातली एक देवनागरीतली पोथी थेट लंडनमध्ये, मार्सडेन संग्रहात सापडली.

लुईस यांनी देवाला अनोळखी प्राण्यांच्या जगात नेलं. स्टीफन्स यांनी स्वतःच्या देवाला दुसऱ्याच्या भाषेतल्या स्वर्गात नेलं, आणि ते तीन-साडेतीनशे वर्षं आधी. मराठी शाळांच्या पाठ्यपुस्तकांत हा ग्रंथ मराठीच्या स्तुतीपुरता येतो. त्यातली गोष्ट सांगण्याची ताकद कुणी दाखवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हाच धागा टिळकांनी ‘ख्रिस्तायना’त उचलला. नावातच रामायणाशी नातं. आपल्या भजनांत ते ख्रिस्ताला आई म्हणतात, गुरू म्हणतात. युरोपातल्या कुठल्या चित्रात असा ख्रिस्त सहजी भेटणार नाही. तो आळंदी-देहूच्या वाटेवर भेटतो. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले तेव्हा काव्य सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाई टिळकांनी, तब्बल ६४ अध्याय लिहून. शाळेची पायरी न चढलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईने महाकाव्याचा मोठा भाग लिहावा, याला दुसऱ्या कुठल्या भाषेत जोड असेल तर मला ती वाचायची आहे. ‘स्मृतिचित्रे’ घरोघरी आहे. ‘ख्रिस्तायन’ही असायला हवं.

नावातच अर्थ, तरी गोष्ट जिवंत

मराठीत आधुनिक कादंबरी जन्मण्याआधी एक ख्रिस्ती अद्भुतकथा येऊन बसली होती. जॉन बनियनची १६७८ सालची यात्रेकरूची गोष्ट हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणली. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी त्यानंतर सोळा वर्षांनी, १८५७ साली. बनियनमध्ये देव शोधावा लागत नाही. दलदलीचं नाव निराशा, राक्षसाचंही नाव निराशा. तरी गोष्ट चालते, कारण चिखल खरा चिकट आहे आणि राक्षसाला बायको आहे, जी रोज रात्री नवऱ्याला वाईट सल्ला देते!

जिथे देऊळच नाही

टॉल्किनचं नेमकं उलट. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मराठीत मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने आणलं आहे. त्या अफाट ग्रंथात चर्च नाही, पुरोहित नाही, पूजेचा विधी जवळजवळ नाहीच. तरी टॉल्किनने १९५३ साली एका पाद्री मित्राला लिहिलं, की हे पुस्तक मुळातून कॅथलिक आहे. आधी नकळत, मग दुरुस्त्या करताना जाणीवपूर्वक.

मग देव कुठे आहे? कॅलेंडरमध्ये बघा. दुष्ट मुद्रिका नष्ट करायला फ्रोडो आणि सोबती रिव्हेंडेलहून निघतात २५ डिसेंबरला. मुद्रिका आगीत पडते २५ मार्चला. २५ मार्च हा देवदूताने मरियेला निरोप दिला तो सण, आणि जुन्या परंपरेत येशूच्या क्रूसावरच्या मृत्यूचा दिवसही. निरोप्याच्या सणाला जगावरचं संकट टळतं, आणि लेखक त्याबद्दल कथेत एक अक्षर बोलत नाही.

शिदोरीत बघा. एल्फ लोक देतात ती लेम्बास नावाची भाकर. एका तुकड्यावर दिवसभर चालता येतं, आणि दुसरं अन्न नसेल तेव्हा तिचं बळ वाढतं. प्रभुभोजनातली भाकर आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि ख्रिस्तरूप? ते एकाच माणसात नाहीच. ओझं वाहून डोंगर चढणारा फ्रोडो, मरून परतलेला गॅन्डाल्फ, ज्याच्या हातांच्या स्पर्शाने आजारी बरे होतात तो राजा अॅरागॉर्न: तिघांत ते वाटलं गेलं आहे. म्हणूनच तिघेही माणसं वाटतात. बोट दाखवून ‘हा बघा ख्रिस्त’ म्हणता येत नाही, यात टॉल्किनचं मोठेपण आहे. आपला मित्र लुईस याचं नार्निया त्याला आवडलं नाही, हेही इथे सांगायला हवं.

पशुपक्ष्यांची पटकन ओळख

फिनिक्स राखेतून उठतो, म्हणून पहिल्या शतकापासून ख्रिस्ती लेखकांनी तो पुनरुत्थानाची खूण मानला. हॅरी पॉटरच्या प्राचार्यांकडे कोणता पक्षी आहे, ते आठवा. हरिण सापाचा शत्रू, म्हणून मध्ययुगातल्या प्राणिग्रंथांत ते ख्रिस्ताची खूण. हॅरीचं संरक्षण करणारी आकृती हरिणाची, आणि शत्रूचं घराणं सापाचं! या पुस्तकांवर काही चर्चनी जादूटोण्याचा आरोप केला होता. पण २००७ सालच्या शेवटच्या भागात दोन थडग्यांवर बायबलची वचनं कोरलेली आहेत. मोर अमरत्वाचा, कारण त्याचं मांस कुजत नाही अशी समजूत होती. संत ऑगस्टिनने कार्थेजला मोराचं शिजवलेलं मांस ठेवून ते तपासूनही पाहिलं!

पेलिकन हा पाणपक्षी स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजतो, अशी दंतकथा युरोपात होती. त्यामुळे तो बलिदानाची खूण होऊन चर्चच्या खिडक्यांवर बसला. आता टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ आठवा. बाण लागलेली पक्षीण पिलांसाठी घास घेऊन घरट्याशी पोहोचते आणि मरते. ख्रिस्ती कवी, मरणारी पक्षीण, पिलं: ख्रिस्तरूप सापडलं म्हणून टाळी वाजवायचा मोह होतो. मी ती वाजवत नाही. ती आई आहे, आई म्हणून मरते, आणि पिढ्यान् पिढ्या शाळेतली मुलं तिच्यासाठी रडली ती आईसाठी रडली. खूण पात्राला अजून मोठं करत असेल तर घ्यावी. पात्राला पुसून टाकत असेल तर सोडून द्यावी.

  

लिंगो

दुसरा नागपुरी धागा इथून सुरू होतो, आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने १८८३ साली निघालं ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. दगड, जीवाश्म, भाषा, जुनी शिळावर्तुळं: त्यांना सगळ्याचा ध्यास. हिस्लोपाइट हे खनिज त्यांच्याच नावाचं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांच्या कागदांत एक दौलत निघाली: परधान गायकाकडून उतरवून घेतलेलं गोंडी महागीत. रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ साली छापलं.

त्यातली गोष्ट ऐका. महादेव गोंडांना एका गुहेत कोंडतो आणि तोंडावर प्रचंड शिळा ठेवतो. चार भाऊ तेवढे बाहेर राहतात. भगवंताच्या इच्छेने एका फुलातून लिंगो जन्मतो. तो चौघांना शेती शिकवतो, राक्षसाच्या घरून विस्तव मिळवतो, वाद्य वाजवून त्या म्हाताऱ्या राक्षसाला नाचायला लावतो. राक्षसाच्या सात मुली भावांच्या घरी येतात, लिंगोवर भाळतात. तो बधत नाही, तेव्हा त्याच्यावर आळ घेतात. भाऊ त्याला ठार मारतात, त्याचे डोळे काढून त्यांनी खेळतात. भगवंत कावळ्याला शोधायला धाडतो, अमृत शिंपडलं जातं, लिंगो उठतो. आणि उठल्यावर तो सूड घेत नाही. तो कोंडलेल्या गोंडांना सोडवायला निघतो! वाटेत समुद्राकाठचा भयंकर नाग मारून तो बिंदो पक्ष्याची पिलं वाचवतो, पक्षी त्याला महादेवाकडे नेतो, शिळा हटते, माणसं उजेडात येतात. पुढे नदी आडवी येते. मगर दगा देते, कासव पाठीवरून पार नेतं. लिंगो कुळं लावून देतो, देव कसे पुजायचे ते शिकवतो आणि नाहीसा होतो.

खोट्या आळाने, आपल्याच माणसांच्या हातून मरण. पुन्हा उठणं. बंदिवानांची सुटका, शिळा बाजूला होणं, पाण्यातून वाट. हिस्लॉपसारख्या पाद्र्याला हे ऐकताना किती काय आठवलं असेल! जेम्स फोरसिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८७१ च्या आपल्या पुस्तकात हे गीत पद्यात सांगितलं आणि लिंगोला सरळ ‘संत’ अशी पदवी दिली.

पण लिंगो कुणाच्या ख्रिस्ताची सावली नाही. हे गोंडांचं स्वतःचं पुराण आहे. नागपूरचे भाषाअभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी पारी कुपार लिंगोला कोया पुनेम या जीवनमार्गाचा प्रवर्तक, विचारवंत गुरू म्हणून मांडलं. त्या परंपरेत गुहेची कथा वेगळी सांगतात: तिथे कोंडलेली असतात मुलं, आणि शिळा हटते ती किंगरीच्या सुरांनी. वाजवणारा हिरासुका त्या शिळेखाली जीव गमावतो. हिस्लॉपच्या कागदात नसलेलं हे बलिदान मला चटका लावून जातं. तिथे देव नाही, अवतार नाही, एक वादक आहे.

ती गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं, सालेकसा तालुक्यातलं कचारगड. माघ पौर्णिमेला तिथे देशभरातून गोंड समाज जमतो. जवळचं स्टेशन दरेकसा, आणि दरेकसा येतं गोंदिया-डोंगरगड मार्गावर. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी याच डोंगरांतून जाते. टिळकांची गाडी लिंगोच्या गुहेजवळून गेली होती.

आता टॉल्किन. फोरसिथने लिंगोचं गीत ज्या चालीत रचलं, ती लाँगफेलोच्या ‘हायावाथा’ची, म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासी वीराच्या १८५५ सालच्या काव्याची. लाँगफेलोने ती उचलली होती फिनलंडच्या ‘कालेवाला’ या लोकमहाकाव्यावरून. आणि ‘कालेवाला’ने वेडावून जाऊनच तरुण टॉल्किनने कॉलेजच्या ग्रंथालयातलं फिनिश व्याकरण काढलं, त्यातून एल्फांची क्वेन्या भाषा घडवायला घेतली, आणि १९१४ च्या सुमाराला ‘कालेवाला’तल्या कुल्लेर्वोची गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहिली. नागपूरच्या परधानाचं गीत आणि मध्य-पृथ्वीची दंतकथा यांना जोडणारी ही फिनिश चाल!

‘कालेवाला’चा शेवटही पाहा. मार्यात्ता नावाची कुमारिका रानातलं एक लाल फळ खाते आणि तिला मुलगा होतो. तो मुलगा राजा ठरतो, आणि सगळ्या गीतांचा मूळ गायक, वृद्ध वैनामोइनेन, तांब्याची नाव गाऊन तयार करतो आणि देश सोडतो. जाताना तो आपलं वाद्य मात्र लोकांसाठी मागे ठेवतो.